वाचणे आणि वांचणे

जुन्या मराठी लेखनात 'वाचणे' आणि 'वांचणे' हे दोन निराळे शब्द होते. पहिल्याचा संबंध अक्षरांशी, दुसऱ्याचा प्राणांशी. मोल्सवर्थच्या कोशात ते वेगवेगळे सापडतात. पुढे १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार रजा देऊन घरी पाठवले आणि डोक्यावरचा टिंब गेल्यावर हे दोन शब्द दिसायला एकच झाले. वर्गात हा मुद्दा आला की आम्ही फळ्यावर दोन वाक्ये लिहितो : 'त्याने वाचले' आणि 'तो वाचला'. एक सकर्मक, एक अकर्मक. पहिल्यात कर्ता काहीतरी करतो, दुसऱ्यात त्याच्या बाबतीत काहीतरी घडते. विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, विषय संपतो.

जानेवारी २०२३नंतर आमच्यापुरता तो संपेनासा झाला आहे. त्या महिन्यात आमचे सर वाचले, आणि वाचलेला माणूस घरी आल्यावर त्याला रोज वाचावे लागते हे आम्ही त्यानंतर शिकलो.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एम.ए.ला एकाच वर्गात होतो, सर आम्हांला छंदशास्त्र शिकवत. आमच्या लग्नाला दोन्हीकडच्या मंडळींची संमती मिळवण्यासाठी सांगलीहून एसटीने दोन गावे फिरणारेही तेच. त्यामुळे त्यांच्या घरी आमचे जाणे-येणे विद्यार्थ्यांसारखे कमी आणि घरच्यांसारखे अधिक. त्या दिवशी सकाळी आमराईत फिरताना ते कोसळले. पोलीसभरतीच्या तयारीसाठी धावायला आलेल्या दोन मुलांनी त्यांची छाती दाबायला घेतली आणि १०८ची गाडी येईपर्यंत आळीपाळीने दाबत राहिली. गाडीतल्या डॉक्टरांनी विजेचा धक्का दिला. सर तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि सोळाव्या दिवशी घरी आले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांतही त्याची गल्लत होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणे. हृदय चालू असते, त्याचा काही भाग उपाशी असतो. कार्डिअॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचे पंपाचे काम थांबणे. बहुतेकदा झटका हे त्याचे कारण असते, पण दोन्ही एक नव्हेत. सरांच्या बाबतीत वाहिनी तुंबली, त्यामुळे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील विद्युत्-व्यवहार विस्कटला आणि स्नायू आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरू लागला. थरथरणारे हृदय रक्त ढकलू शकत नाही. धक्क्याने ही थरथर थांबते आणि मूळ लय परत येण्याची संधी मिळते. तुंबलेली वाहिनी अँजिओप्लास्टीने उघडता येते, पण मेलेला स्नायू जिवंत होत नाही. त्याच्या जागी वण पडतो आणि त्या वणाच्या कडेने पुन्हा केव्हाही वेडीवाकडी लय उपजू शकते. म्हणून घरी आलेल्या रुग्णाच्या लयीवर लक्ष ठेवायचे असते.

हे लक्ष ठेवायचे कोणी? रुग्णालयात खाटेजवळ पडदा असतो, त्यावर हिरवी रेघ धावत असते, वाकडेतिकडे काही झाले की गजर होतो आणि परिचारिका येते. घरी काकू असतात. पहिल्या काही रात्री काकू उशाशी बसून सरांचे श्वास मोजत होत्या. "अगं झोप, मी कुठे पळून जात नाहीये," असे सर म्हणत, आणि "मागच्या वेळी सांगून गेला होतात का?" असे त्या विचारत. या प्रश्नाला सरांकडे उत्तर नसे.

रुग्णालयाचे दार आणि घराचे दार यांमधल्या या पोकळीतूनच एका यंत्राचा जन्म झाला आहे. मिशेल मिरोव्स्की हे वॉर्सात जन्मलेले हृदयतज्ज्ञ १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये काम करत होते. तेथील त्यांचे ज्येष्ठ सहकारी आणि गुरू हॅरी हेलर यांच्या हृदयाची लय वरचेवर बिघडू लागली, आणि १९६६ साली त्यातच त्यांचा मृत्यू झाला. मिरोव्स्कींपुढे साधा प्रश्न होता : अशा माणसाला जन्मभर रुग्णालयात तर ठेवता येत नाही, मग रुग्णालयातला धक्का देणारा पेटाराच त्याच्या शरीरात का बसवू नये? लोकांनी त्यांना वेड्यात काढले. ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले, मॉर्टन मोवर या सहकाऱ्याबरोबर काम करत राहिले, आणि फेब्रुवारी १९८०मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले यंत्र माणसाच्या शरीरात बसले. त्यालाच आज आयसीडी म्हणतात. गुरूच्या मृत्यूनंतर शिष्याने चौदा वर्षे धरून ठेवलेला हा प्रश्न आहे, हे आम्हांला सरांच्या आजारपणातच प्रथम कळले, आणि आमच्या मनात ते जरा अधिकच रुतले.

सरांना मात्र हे यंत्र लगेच बसवले नाही. त्यामागे विचार होता. ऐन झटक्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हृदय थरथरले, तर त्याचे कारण तो झटकाच असतो. वाहिनी उघडली आणि स्नायू सावरला तर धोका उतरू शकतो. म्हणून काही आठवडे औषधे देऊन थांबतात आणि मग एको करून हृदयाची ताकद पुन्हा मोजतात. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्या डाव्या कप्प्यातले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकते. सरांचे ते प्रमाण घरी येताना ३० टक्के होते. ते सुधारते की नाही हे पाहायचे, आणि तोवर होल्टर लावून लय तपासायची, असे ठरले.

होल्टर हे माणसाचे नाव आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस, चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख दूर पाठवणारे यंत्र बनवले. ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. त्याच्याही आधी, १९०५ साली, हॉलंडमधील लायडन येथे आइंटहोव्हेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवून दाखवला होता. अंतरावरून हृदय वाचण्याची कल्पना म्हणजे ईसीजीच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. सरांच्या छातीवरचे यंत्र तळहाताएवढे होते. ते चोवीस तास बाळगायचे, आंघोळ करायची नाही, बाकी नेहमीचे सगळे करायचे.

यंत्राबरोबर एक कागद देतात. आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यामुळे असेल, पण आमचे लक्ष यंत्राहून त्या कागदावर अधिक खिळले. त्यावर तीन रकाने होते : वेळ, काय करत होतात, काय वाटले. यंत्र चोवीस तासांत सुमारे एक लाख ठोके टिपते. त्यांतला कोणता ठोका या माणसाला 'वाटला', हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते तिसऱ्या रकान्यात माणसाने शब्दांत लिहायचे असते. नंतर डॉक्टर आलेख आणि कागद शेजारी ठेवून वाचतात. एकाच दिवसाच्या या दोन संहिता आहेत, लिहिणारे हात मात्र वेगळे.

चौथ्या आठवड्यातल्या पहिल्या होल्टरच्या वेळी सरांनी तिसरा रकाना कोराच परत केला. "काही वाटलं नाही, तर काय लिहू?" असे त्यांचे म्हणणे. आलेखात अधूनमधून जास्तीचे ठोके होते. अशा वेळी रुग्ण म्हणतो की ठोका चुकला. वस्तुतः एक ठोका वेळेच्या आधी पडलेला असतो, त्यानंतर हृदय क्षणभर अधिक थांबते आणि पुढचा ठोका भरलेल्या हृदयातून जोराने येतो. आपल्याला जाणवतो तो हा थांबा आणि त्यानंतरचा दणका. डॉक्टरांनी हे समजावल्यावर सर खूश झाले. "म्हणजे यती चुकीच्या जागी आला," असे ते आमच्याकडे वळून म्हणाले. त्याच बैठकीत त्यांना आणखी एक गोष्ट कळली. निरोगी हृदय घड्याळासारखे काटेकोर चालत नाही. श्वासाबरोबर, झोपेबरोबर, विचारांबरोबर दोन ठोक्यांमधले अंतर सतत किंचित बदलत असते, आणि झटक्यानंतर हे लवचीकपण हरवलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, असे १९८७ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसले होते. सरांनी आयुष्यभर गणवृत्तांपेक्षा ओवीची बाजू घेतली. आता तिला वैद्यकशास्त्राचा पाठिंबा मिळाला, असे ते पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

सातव्या आठवड्यात दुसरा होल्टर लागला. या वेळी काकूंनी धाक घातल्यामुळे सरांनी कागद भरला होता. दुपारी साडेचारच्या समोर तिसऱ्या रकान्यात त्यांच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द होता : 'डुलकी'. आणि आलेखात चार वाजून एकवीस मिनिटांनी, अठरा सेकंद, मिनिटाला १९०च्या गतीने खालच्या कप्प्यातून धावलेली लय होती. तिला व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया म्हणतात.

त्या दिवशी दवाखान्यात आम्ही सोबत होतो. डॉक्टरांनी विचारले, "साडेचारला झोपला होतात?" सर म्हणाले, "आरामखुर्चीत वाचत होतो, डोळा लागला." झोपेत असा प्रकार घडला असेल तर त्याचा एक अर्थ, आणि जागेपणी घडून माणसाची शुद्ध गेली असेल तर दुसरा. शिवाय वेळा जुळत नव्हत्या. तेव्हा मागे बसलेल्या काकू बोलल्या. "आमचं दिवाणखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. आणि ती डुलकी नव्हती. यांना डुलकी लागते तेव्हा मान हळूहळू कलते, पुस्तक मांडीवर राहतं. त्या दिवशी पुस्तक आधी पडलं. मी चहाचं आधण ठेवून वळले, तर हे डोळे उघडून मला विचारतायत, 'काय म्हणालीस?' मी काहीच म्हणाले नव्हते."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि काकूंना हे सगळे पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावले. सरांना त्याच दिवशी दाखल करून घेतले. पुढे पुण्याला तपासणीत हृदयाला बारीक विद्युत्-संदेश देऊन पाहिले, तेव्हा तीच लय पुन्हा सुरू झाली आणि थांबेना. त्याच आठवड्यात आयसीडी बसले. आलेखाने अठरा सेकंद दाखवले होते, पण त्या अठरा सेकंदांत सर जगातून नाहीसे झाले होते हे कळायला, पुस्तक मानेच्या आधी पडले हे पाहणारे माणूस लागले.

आलेख नुसता सुंदर करून भागत नाही, याचा धडा वैद्यकशास्त्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. झटक्यानंतर जास्तीचे ठोके पडणारे रुग्ण अधिक दगावतात, हे ठाऊक होते. मग औषधाने ते ठोके दाबले तर माणसे वाचतील, हा तर्क इतका सरळ होता की अनेक डॉक्टर तशी औषधे देतही होते. १९८७ साली सुरू झालेल्या 'कास्ट' नावाच्या चाचणीने तो तर्क तपासला. ज्यांचे जास्तीचे ठोके औषधाने खरोखर कमी झाले, ज्यांचे होल्टर स्वच्छ निघाले, अशाच रुग्णांना चाचणीत घेतले होते. १९८९मध्ये त्यातील दोन औषधांचे काम मध्येच थांबवावे लागले. औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. आलेख सुधारला आणि माणूस गेला. समीक्षेच्या तासाला आम्ही हे उदाहरण अलीकडे देऊ लागलो आहोत. संहितेतली प्रत्येक विसंगती पुसून टाकणारा संपादक संहितेला वाचवतोच असे नाही.

याउलट आयसीडी ठोके सुंदर करण्याच्या भानगडीत पडत नाही. ते ऐकत राहते आणि वेळ आली तरच हस्तक्षेप करते. हृदय बंद पडून वाचलेले आणि तशाच गंभीर लयबिघाडातून गेलेले १०१६ रुग्ण घेऊन अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांअखेर यंत्र बसवलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७५ जिवंत होते, केवळ औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे ६४. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन २०२१च्या युरो स्पर्धेत मैदानावर कोसळला, ते अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. हे यंत्र छातीत घेऊन तो खेळात परतला आणि २०२४च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला. सरांची महत्त्वाकांक्षा त्याहून माफक होती. त्यांना आमराईत फिरायचे होते.

ते फिरू लागले, परंतु ऐकू मात्र फार लागले. आधी रकाना कोरा ठेवणारा माणूस आता मिनिटामिनिटाला मनगट चाचपू लागला. त्यात न्यू जर्सीतल्या मुलाने ईसीजी काढणारे घड्याळ पाठवले. एका दिवशी सरांनी अकरा आलेख काढले आणि अकराही आम्हांला व्हॉट्सअॅपवर धाडले. असे घड्याळ मनगटावर मुख्यतः वरच्या कप्प्यांची अनियमित लय टिपण्यासाठी असते. हार्ट अटॅक ते ओळखत नाही हे त्याचे निर्मातेच सांगतात, आणि हृदय बंद पडल्यावर बोट टेकवून आलेख काढायला माणूस शुद्धीवर नसतो. डॉक्टरांनी घड्याळ काढून घेतले नाही, एवढेच सांगितले की काही वाटले तरच आलेख काढा, आणि घड्याळाचा चुंबकी चार्जर व मोबाइल यंत्रापासून वीतभर लांब ठेवा.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका पहाटे सर ओरडून उठले. छातीत यंत्राने धक्का दिला, घोड्याने लाथ मारावी तसा, असे ते सांगत होते. वहीत त्यांनी वेळ लिहिली : ३ वाजून ४० मिनिटे. (एव्हाना होल्टरच्या कागदाची जागा कायमच्या वहीने घेतली होती, रकाने तेच.) दुसऱ्या दिवशी छातीवर तबकडीसारखे उपकरण ठेवून यंत्राची स्मृती तपासली. त्यात काहीच नव्हते. लय शांत, धक्का नाही. अशा रुग्णांना असे भासधक्के बसतात, त्याला वैद्यकात नावही आहे. सर ओशाळले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. धक्का बसला, पण तो यंत्राने दिला नाही. ते मलाही कळायला हवंच होतं." मग त्यांनी झोप, भीती, आमराईतली ती सकाळ यांविषयी अर्धा तास चौकशी केली, आणि समुपदेशनाची चिठ्ठी दिली. हा अर्धा तास कोणत्याही आलेखातून निघाला नव्हता.

पुढच्या तपासणीत उलटेच घडले. यंत्राच्या स्मृतीत एका रात्रीची नोंद मिळाली. लय बिघडली होती आणि यंत्राने धक्का न देता, तिच्याहून किंचित जलद असे काही हलके ठोके देऊन तिला वळणावर आणले होते. त्या तारखेला सरांच्या वहीत होते : 'शांत झोप. स्वप्न नाही.'

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की मोठा मोह होतो, शब्द खोटे आणि यंत्र खरे असा निकाल देण्याचा. पण डुलकीच्या दिवशी यंत्राला जे सांगता आले नाही ते काकूंनी सांगितले होते. यंत्राला हृदयाचे ठोके कळतात, रुग्णाला त्याचे वाटणे कळते, आणि घरातल्या माणसाला रुग्ण बाहेरून कसा दिसला ते कळते. तिघांनाही एकमेकांचे ठाऊक नसते. म्हणून वही हवी.

आणि वहीत लिहायला मराठी हवी. कागदावर कोणा निवासी डॉक्टराने एकदा सरांच्या तक्रारीपुढे 'गिडिनेस' असे लिहिले. आपल्याकडे त्या एका शब्दाच्या जागी चक्कर आहे, भोवळ आहे, घेरी आहे, अंधारी आहे, तोल जाणे आहे. घर गरगर फिरते ती चक्कर बहुधा कानाच्या दोषाची असते. डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसकण मारावी लागते, तिचा संबंध मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताशी, म्हणजे लयीशी असू शकतो. धडधड वेगळी, धाकधूक वेगळी, छातीत कालवाकालव वेगळी. हे भेद आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवले आहेत आणि ते वैद्यकाच्या थेट उपयोगाचे आहेत. डॉक्टर मराठी असला तरी रुग्ण त्याच्यापुढे अर्धवट इंग्रजीत बोलतो आणि हे सारे धन दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जातो. ज्यांच्या घरी असे वाचलेले माणूस आहे त्यांनी तीन रकान्यांची वही आजच घालावी, चौथा रकाना घरच्या माणसासाठी ठेवावा, वेळ एकाच घड्याळाची लिहावी, आणि जे वाटले ते ज्या शब्दात वाटले त्याच शब्दात लिहावे, एवढे आम्ही आग्रहाने सांगू.

सरांच्या वहीत आता चौथा रकाना आहे. त्यात काकू लिहितात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले, अक्षर मोठे आणि तिरके. परवा आम्ही ती वही चाळली. सरांच्या रकान्यात 'संध्याकाळी जिना चढताना धडधड, दोन मिनिटे' असे होते. त्याच्या शेजारी काकूंनी लिहिले होते : 'जिना चढताना विद्यार्थ्याशी वाद चालू होता. रंग ठीक. आवाज नेहमीसारखाच मोठा.'